पुढच्या वाचकाचा हक्क

विद्यापीठाच्या ग्रंथालयातले पुस्तक कधीच एका वाचकाचे नसते. आज ते ज्याच्या हाती आहे त्याचा त्यावर जितका हक्क, तितकाच त्याची वाट पाहणाऱ्याचा आणि दहा वर्षांनी प्रवेश घेणार असलेल्या विद्यार्थ्याचाही. किती पुस्तके न्यायची, किती दिवस ठेवायची, कोणता ग्रंथ इमारतीबाहेर जाऊ द्यायचा नाही, उशीर झाला तर काय करायचे, हे सगळे नियम या एका वस्तुस्थितीतून निघतात. नियम राखण्याजोगा आहे की टाकून देण्याजोगा, हे ठरवण्याची कसोटीही तीच आहे. तो पुढच्या वाचकाच्या बाजूने उभा आहे, की नुसता कपाटाच्या बाजूने? आपल्या विद्यापीठांतले बरेच नियम पहिल्या प्रकारचे आहेत, पण विद्यार्थी ते दुसऱ्या प्रकारचे समजतात आणि देवघेवीच्या खिडकीपलीकडे कधी जातच नाहीत. काही नियम मात्र खरोखरच कपाटाच्या सोयीचे आहेत आणि ते बदलायला हवेत.

इमारत उभी राहणे वेगळे आणि ग्रंथालय वापरात येणे वेगळे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये दोन लाख रुपये दिले, पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले, आणि त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. अशा भव्य वास्तूत ठेवलेली पुस्तके वाचकापर्यंत पोचवायची कशी, याचा शास्त्रशुद्ध विचार भारतात मांडला तो शि. रा. रंगनाथन यांनी. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले. ग्रंथ वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय. हे नियम ग्रंथपालांच्या अभ्यासक्रमात पाठ केले जातात. प्रत्यक्षात ते वाचकाच्या हातचे हत्यार आहेत. खिडकीवर नकार मिळाला की वाचकाने या पाचांतला कोणता नियम मोडला जात आहे हे विचारावे, इतके ते साधे आणि स्पष्ट आहेत.

संग्रहाकडे जाण्याची वाट तालिकेतून जाते. पूर्वी ती लाकडी खणांतल्या कार्डांची होती, आता संगणकावर ओपॅक असते. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दोन क्रमांक मिळतात. दाखलांक हा नोंदवहीतला अनुक्रम. तो पुस्तक कधी आले एवढेच सांगतो. वर्गांक विषय सांगतो, आणि पुस्तक कोणत्या फडताळात उभे आहे हे त्यावरून कळते. बहुतेक ठिकाणी ड्यूईची दशांश पद्धत चालते, काही ठिकाणी रंगनाथनांची द्विबिंदू पद्धत. ड्यूईत मराठी साहित्याचा वर्ग ८९१.४६. त्याच्यापुढे १ आला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. एवढे माहीत असलेला विद्यार्थी थेट फडताळापाशी जातो. पण विषय वर्गांकांच्या कुंपणात राहत नाहीत, आणि शोधणाऱ्याची खरी कसोटी तिथे लागते. १९७२ च्या दुष्काळावर काम करणाऱ्याला शेतीची पुस्तके ६३० मध्ये सापडतील, अर्थकारण ३३० मध्ये, आपत्ती आणि मदतकार्य ३६३ मध्ये, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९ मध्ये आणि दुष्काळावरच्या कादंबऱ्या ८९१.४६३ मध्ये. एका विषयासाठी ग्रंथालयाच्या पाच कोपऱ्यांत जावे लागते. जो एकाच कोपऱ्यात पाहून ‘या विषयावर काही नाही’ असे म्हणतो, त्याने ग्रंथालय पाहिलेलेच नसते.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत संगणकाच्या तालिकेने एक वेगळीच अडचण निर्माण केली आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. वि. का. राजवाड्यांच्या दफ्तर-संशोधनाचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असे, शेवटच्या दोन्ही शब्दांवर अनुस्वार देऊन छापले आहे. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि असे अनुच्चारित अनुस्वार गेले. आता तालिकेत नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठाप्रमाणे अनुस्वार ठेवले असतील आणि विद्यार्थ्याने आजच्या पद्धतीने ‘साधने’ असे टंकले, तर अनेक प्रणाल्यांत उत्तर शून्य येते. पुस्तक मात्र चार पावलांवर उभे असते. कुठे जुन्या नोंदी रोमन लिपीत केलेल्या आहेत, तिथे राजवाडे कोणत्या स्पेलिंगने शोधायचे हा प्रश्न येतो. लेखकाचे नाव आधी की आडनाव, उपाधी धरायची की सोडायची, यात एकवाक्यता नसते. म्हणून मराठी पुस्तक शोधताना संपूर्ण शीर्षक टंकू नये. शीर्षकातला न बदलणारा एखादाच शब्द, लेखकाचे आडनाव, मग तेच रोमन लिपीत, आणि शेवटी वर्गांक धरून फडताळ, असा शोध घ्यावा. ग्रंथालयांचे कर्तव्य याहून मोठे आहे. शीर्षकाची नोंद मुखपृष्ठाप्रमाणे ठेवून सोबत आजच्या लेखनातली पर्यायी नोंद करण्यासाठी नव्या यंत्राची गरज नाही, जाणत्या माणसाची आणि वेळेची आहे. विद्यापीठे संगणक खरेदी करतात आणि नोंदी करणारी पदे रिकामी ठेवतात. याचा फटका इंग्रजी पुस्तकांना कमी बसतो, कारण त्यांच्या तयार नोंदी जगभरातून उतरवून घेता येतात. मराठी पुस्तकाची नोंद आपल्यालाच करावी लागते.

फडताळांपर्यंत वाचकाला जाऊ द्यायचे की नाही, हा जुना वाद आहे. बंदिस्त पद्धतीत वाचक चिठ्ठी देतो आणि शिपाई पुस्तक आणतो. मुक्तप्रवेशात वाचक स्वतः फडताळांतून हिंडतो. पुस्तके चुकीच्या जागी ठेवली जातात, चोरीला जातात, परीक्षेच्या तोंडावर पाने फाडली जातात, ही मुक्तप्रवेशाविरुद्धची कारणे खोटी नाहीत. तरीही चिठ्ठीने फक्त माहीत असलेले पुस्तक मागवता येते. शेजारी उभे असलेले, नावही न ऐकलेले पुस्तक हाती लागण्याची शक्यता चिठ्ठीत नसते, आणि संशोधनातले कितीतरी दुवे असेच सापडतात. दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखिते बंदिस्त ठेवावीत, ते योग्यच आहे. बाकीचा संग्रह चोरीच्या भीतीने कुलपात ठेवणे म्हणजे पुस्तक आज एका चोरापासून वाचवून सगळ्याच वाचकांपासून दूर नेणे होय.

संदर्भ विभागातली पुस्तके घरी मिळत नाहीत, ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार असते. इथे मात्र नियमाची बाजू बळकट आहे. ऑक्सफर्डचे बॉडलीयन ग्रंथालय १६०२ मध्ये सुरू झाले. १६४५ मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स याने पुस्तक मागवले, तेव्हाही नियम दाखवून नकार देण्यात आला. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश कोणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. त्यातला एक खंड पंधरा दिवस एकाच्या घरी गेला तर एका नोंदीसाठी आलेले अनेक जण रिकाम्या हाती परततात. या विभागातला सर्वांत दुर्लक्षित ग्रंथ शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हा असावा. पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांच्या नोंदी आहेत आणि दुसरा भाग १९५० पर्यंत येतो. आपल्या ग्रंथालयात काय आहे ते तालिका सांगते. मुळात काय छापले गेले होते ते सूची सांगते. तालिकेत नाही म्हणजे जगात नाही, या समजातून ही सूची संशोधकाला बाहेर काढते. मराठीत पीएच.डी.ला नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या महिन्यात ही सूची समोर ठेवून बसावे.

नियतकालिक विभागाची अवस्था आज दोन टोकांची आहे. एकीकडे इंग्रजी शोधपत्रिकांची दारे एकदम उघडली आहेत. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि केंद्र व राज्य शासनांच्या सहा हजारांहून अधिक संस्था, असा तिचा आवाका आहे. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ही व्यवस्था पाहते. ज्या लेखासाठी पूर्वी दिल्ली-बंगळुरूच्या मित्राला पत्र लिहावे लागे, तो आता विद्यापीठाच्या लॉगिनने मिळतो. हे मोठे काम झाले आहे, यात शंका नाही. पण मराठीत चाललेला विचार या तेरा हजारांत येत नाही. ‘नवभारत’, ‘सत्यकथा’, ‘आलोचना’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘भाषा आणि जीवन’ यांचे अंक बहुतेक वेळा वर्षवार बांधणी केलेल्या जाडजूड खंडांत पाहावे लागतात, आणि कित्येक ठिकाणी खंडांच्या अनुक्रमणिकाही कुठे एकत्र केलेल्या नसतात. इंग्रजी लेख मिनिटात मिळतो आणि मराठी लेखासाठी तीन दिवस धूळ झाडावी लागते, म्हणून संशोधक इंग्रजी लेखाचाच आधार घेतो. मग मराठीत या विषयावर काही लिहिलेच गेले नाही, असे त्याच्या प्रबंधात येते. सहा हजार कोटींच्या तुलनेत मराठी नियतकालिकांची लेखसूची करण्याचा खर्च नगण्य आहे. राज्यातल्या विद्यापीठांनी खंड वाटून घेतले तर हे काम होऊ शकते.

प्रबंधांच्या बाबतीत चित्र आशादायक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर पीएच.डी.च्या प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा होऊ लागली आणि इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध कोणालाही, सभासदत्वाशिवाय वाचता येतात. पूर्वी प्रबंध विभागातल्या कपाटात एकच प्रत असे आणि ती पाहायला परवानगीचा अर्ज लागे. शोधगंगेवर प्रबंध एकसंध नसतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्रे, प्रकरणे आणि संदर्भसूची अशा वेगवेगळ्या फायली असतात. जाणता विद्यार्थी आधी शेवटची, संदर्भसूचीची फाइल उघडतो. तिथे त्याला आपल्या विषयाची पन्नास-शंभर पुस्तके एका जागी मिळतात, आणि प्रबंधकाराने काय पाहिले नाही हेही कळते. प्रकरणे उतरवून घेण्याची सवय ज्यांना लागली, त्यांच्यासाठी आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक विनियम आणि ग्रंथालयातली साम्य तपासणारी प्रणाली आहेच. ती तपासणी शेवटच्या आठवड्यातला दाखला म्हणून न घेता पहिल्या मसुद्यावरच करून घ्यावी.

देवघेवीचे नियम सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखे असतात. पदवीच्या विद्यार्थ्याला दोन-चार पुस्तके, पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्याहून जास्त, संशोधकाला आणि अध्यापकाला आणखी जास्त पुस्तके आणि दीर्घ मुदत. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करता येते, पण दुसऱ्याने पुस्तक राखून ठेवायला सांगितले असेल तर ते होत नाही. या साऱ्यात विद्यार्थी सर्वांत कमी वापरतात ती ही राखून ठेवण्याची सोय. पुस्तक बाहेर गेले आहे असे कळले की तो परत फिरतो. वास्तविक ओपॅकवर एक कळ दाबून किंवा खिडकीवर चिठ्ठी देऊन त्याने आपला क्रमांक लावला, तर आधीच्या वाचकाचे नूतनीकरण थांबते आणि पुस्तक परत मागवले जाते. मागणी नोंदली जाते हा दुसरा फायदा. ज्या पुस्तकासाठी वर्षभर रांग लागते त्याच्या आणखी प्रती घ्याव्यात, हे ग्रंथालय समितीला पटवून देण्यासाठी अशा नोंदींइतका भक्कम पुरावा नसतो.

विलंब शुल्काबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. ते उत्पन्नाचे साधन नाही आणि शिक्षाही नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०१९ मध्ये सर्वसाधारण पुस्तकांवरचे विलंब शुल्क बंद केले, पण दुसऱ्याने मागितल्यावरही परत न केलेल्या पुस्तकांवरचे शुल्क चालू ठेवले. या निर्णयामागचा विचार आपल्याकडे जसाच्या तसा घेण्याजोगा आहे. ज्या पुस्तकाची कोणी वाट पाहत नाही ते आठ दिवस उशिरा आले तर कोणाचेही नुकसान होत नाही, आणि पाच-दहा रुपयांच्या पावतीसाठी विद्यार्थ्याला दोन खिडक्यांवर उभे करणे त्याला ग्रंथालयापासून तोडणे आहे. ज्याची वाट पाहिली जात आहे ते अडवून ठेवणे मात्र दुसऱ्याचा अभ्यास अडवणे आहे. तिथे शुल्क कडकच असावे, आणि ते अध्यापकांनाही लागू असावे. विद्यापीठांतली कित्येक महत्त्वाची पुस्तके विद्यार्थ्यांच्या घरी नसतात, ती विभागांच्या आणि प्राध्यापकांच्या कपाटांत वर्षानुवर्षे असतात. अध्यापकाला जास्त पुस्तके आणि जास्त मुदत देणे रास्त आहे, परत मागवण्यापासून सूट देणे रास्त नाही.

हरवलेल्या पुस्तकाचा नियमही फेरविचार मागतो. पुस्तक हरवले तर नवी प्रत आणून द्यावी, किंवा किमतीच्या काही पट रक्कम भरावी, असा रिवाज आहे. चालू पाठ्यपुस्तकाला तो ठीक आहे. पण १९५५ साली छापलेल्या, बारा रुपये किमतीच्या, पुन्हा कधीच न निघालेल्या मराठी पुस्तकाची तिप्पट किंमत म्हणजे छत्तीस रुपये. ती भरल्याने हिशेब पुरा होतो, पुस्तक मात्र कायमचे जाते. अशा पुस्तकांची यादी करून त्यांची डिजिटल प्रत घ्यावी आणि मूळ प्रत फक्त बसून वाचायला द्यावी. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली असतील तर भारतीय कायद्याप्रमाणे प्रताधिकारही आड येत नाही.

छायाप्रतींचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेला होता. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका दुकानात प्राध्यापकांनी नेमलेल्या उताऱ्यांचे संच झेरॉक्स करून मिळत, म्हणून ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा केला. सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने दावा फेटाळला. शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातच मोकळीक आहे, असा त्याचा आधार होता. अख्खे पाठ्यपुस्तक झेरॉक्स करून घेण्याचा परवाना म्हणून या निकालाकडे पाहू नये. पण ‘कायद्याने मनाई आहे’ असे सांगून अभ्यासाला लागणाऱ्या प्रकरणाची प्रतही नाकारणाऱ्या ग्रंथालयाकडे कायद्याचा आधार नाही.

ग्रंथालयाची सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी मागितली जाणारी सेवा म्हणजे संदर्भ ग्रंथपालाचा वेळ. एखादा अहवाल कुठे मिळेल, जुने वृत्तपत्र कोणत्या संस्थेत आहे, आपल्याकडे नसलेले पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीतून कसे मागवायचे, हे त्याला माहीत असते. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये १९८८ मध्ये सुरू झालेले डेलनेट हे जाळे याच कामासाठी आहे, आणि त्याचे सभासद असलेल्या कित्येक ग्रंथालयांतल्या विद्यार्थ्यांना त्याचे नावही माहीत नसते. विचारणाऱ्याने नेमके विचारावे. ‘स्त्रीशिक्षणावर काही आहे का’ या प्रश्नाला उत्तर म्हणून एक फडताळ मिळते. ‘१८८० ते १९०० या काळातल्या पुण्यातल्या मुलींच्या शाळांचे अहवाल हवेत’ असे म्हटले की ग्रंथपाल उठून उभा राहतो.

आज विद्यापीठ ग्रंथालयात गर्दी दिसते ती अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले सकाळी जागा धरून रात्रीपर्यंत बसतात, आणि त्यांतली बहुतेक स्वतःची पुस्तके घेऊन येतात. खेड्यातून आलेल्या, एका खोलीत चौघे राहणाऱ्या मुलाला शांत जागा, दिवा आणि पंखा देणे हे विद्यापीठाने केलेले चांगलेच काम आहे, त्याला नावे ठेवू नयेत. चूक होते ती ही हजेरी ग्रंथालयाचा वापर म्हणून मोजण्यात. नॅकच्या मूल्यांकनात दैनंदिन वापराचे आकडे मागितले जातात, अभ्यासिकेची नोंदवही ते सहज भरून देते, आणि वरच्या मजल्यावरची फडताळे कोणीही न उघडता वर्ष निघून जाते. या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या पाहिजेत. ग्रंथालयाचा वापर ठरवताना किती पुस्तके फिरली, किती पुस्तके पहिल्यांदाच बाहेर गेली आणि किती मागण्या पुऱ्या झाल्या, हेच पाहावे.

शेवटचा प्रश्न बाहेरच्या वाचकाचा. विद्यार्थी शिकून बाहेर पडतो तेव्हा सगळी पुस्तके परत करून ना-देय दाखला घेतो, त्याशिवाय त्याची अनामत परत मिळत नाही. त्या दिवशी त्याचे वाचकपत्र रद्द होते. तालुक्याच्या शाळेत शिकवणारा शिक्षक, स्थानिक इतिहास लिहिणारा निवृत्त कारकून, अनुवादक, पत्रकार यांना लागणारे ग्रंथ गावच्या सार्वजनिक वाचनालयात नसतात, ते विद्यापीठातच असतात. विद्यापीठांच्या नियमांत माजी विद्यार्थी आणि बाहेरचे अभ्यासक यांच्यासाठी काही तरतुदी आढळतात, पण शिफारसपत्रे आणि परवानग्या यांतच उत्साह संपतो. राज्य विद्यापीठांचा संग्रह लोकांच्या पैशातून उभा राहिला आहे. ओळखपत्र दाखवून बसून वाचण्याची मुभा कोणाही नागरिकाला मिळावी, आणि माजी विद्यार्थ्याला अल्प वर्गणीत पुस्तक घरी नेता यावे. यासाठी नवी इमारत लागत नाही आणि नवा निधीही लागत नाही. ग्रंथालय समितीचा एक ठराव पुरतो.